निर्दोष सुटल्यावर पोलिसांकडचा डीएनए कोण पुसणार?

पाषाणकर (सोमवार, रात्री ९:४०)

मंडळी, कायद्याची आणि प्रयोगशाळेच्या कामाची माहिती असणारे इथं बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

भाच्याची हकीकत थोडक्यात सांगतो. दोन वर्षांपूर्वी पार्किंगवरून मारामारी झाली आणि दोन्हीकडच्या पोरांवर गुन्हे दाखल झाले. शहरातल्या एका पोलीस ठाण्यात त्याचे फोटो काढले, बोटांचे आणि तळहातांचे ठसे घेतले. इथवर ठीक. मग 'एक छोटी प्रोसिजर राहिलीय' असं म्हणून गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, पाकिटात घातली आणि एका छापील कागदावर त्याची सही घेतली. कागदाची प्रत काही दिली नाही. यथावकाश दोन्ही घरांची समजूत पटली, तडजोड झाली, कोर्टाने सगळ्यांना सोडलं. आता पोरगा विचारतो, "मामा, ती काडी कुठं आहे?"

मी ठाण्यात जाऊन आलो. तिथले हवालदार नीट बोलले, चहासुद्धा पाजला. पण उत्तर एवढंच की 'ते वर गेलं असेल'. वर म्हणजे कुठं, कुणाच्या ताब्यात, किती वर्षांसाठी, हे त्यांना सांगता आलं नाही. त्यात त्यांचा दोष आहे असं मला वाटत नाही. त्यांनाही ते कुणी सांगितलेलं नसणार.

घरी येऊन २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा वाचला. त्यात ही 'मापं', म्हणजे ठसे, फोटो, नमुने, ७५ वर्षं ठेवायची तरतूद आहे. भाचा तेव्हा एकवीस वर्षांचा होता. म्हणजे तो शहाण्णव वर्षांचा होईपर्यंत?

आधीच सांगतो, डीएनए तपासाला माझा विरोध नाही. बलात्काराच्या, खुनाच्या खटल्यात त्याच्याइतका भक्कम पुरावा क्वचितच मिळतो. माझं म्हणणं एवढंच आहे की नमुना घेताना जी तत्परता दिसते, तीच तो पुसतानाही कायद्याने सक्तीची असावी. सुटलेल्या माणसाला त्यासाठी दारोदार फिरायला लागू नये.


बिबवेवाडीकर (सोमवार, रात्री १०:०५)

पाषाणकर, तुमची तळमळ पोचली. पण ज्याने काही केलेलं नाही, त्याचा डीएनए पोलिसांकडे राहिला तर नेमकं काय बिघडतं?

आपल्याच पुण्यातलं बघा ना. कल्याणीनगरचा अपघात, १९ मे २०२४. दारूच्या तपासणीसाठी ससून रुग्णालयात घेतलेला रक्ताचा नमुना, गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या त्या अल्पवयीन मुलाचा नव्हताच, हे कशामुळे उघड झालं? औंधच्या रुग्णालयात दुसरा नमुना घेतला होता. तो वडिलांच्या डीएनएशी जुळला, ससूनचा जुळला नाही. ही तपासणी झाली नसती तर नमुना बदलल्याचा पोलिसांचा आरोप उभाच राहिला नसता. खटल्यात पुढं काय व्हायचं ते होईल, पण पैसा आणि ओळख वापरून केलेली गोष्ट एका तपासणीने चव्हाट्यावर आणली. मला तरी पोलिसांच्या हातात हे साधन असलेलं हवं आहे.


वकील_शिवाजीनगर (सोमवार, रात्री ११:३०)

बिबवेवाडीकर, कल्याणीनगरचं उदाहरण बरोबर आहे आणि त्याला जुना दाखलाही आहे. पोलीस तपासात डीएनए पहिल्यांदा वापरला गेला तो इंग्लंडमध्ये, लेस्टरजवळच्या दोन मुलींच्या खुनांच्या प्रकरणात. अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये हे तंत्र शोधलं होतं. गंमत नव्हे, गांभीर्याने लक्षात घेण्याची गोष्ट अशी की त्या तपासणीने पहिल्यांदा एक निर्दोष मुलगा सोडवला, ज्याने दबावाखाली एका खुनाची कबुली दिली होती. नंतर परिसरातल्या पाच हजारांवर पुरुषांचे नमुने घेतले, तर खऱ्या खुन्याने आपल्या नावाने सहकाऱ्यालाच रक्त द्यायला पाठवलं. तो सहकारी पुढं कुठंतरी बोलून गेला, तेव्हा खुनी सापडला. म्हणजे नमुना कुणाचा, कुणी घेतला, कुणी सील केला हा प्रश्न या शास्त्राच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे.

आता पाषाणकरांचा मुद्दा. तुमच्या भाच्याच्या बाबतीत कायद्याची तीन टोकं आहेत.

पहिलं टोक: नमुना देणं त्याला बंधनकारक होतं का? २०२२ च्या कायद्याच्या कलम ३ खाली अटक झालेल्या माणसाची मापं घेता येतात आणि 'मापं' या शब्दात ठसे, फोटो, डोळ्यांचं स्कॅन, सही-अक्षर आणि जैविक नमुने व त्यांचं विश्लेषण हे सगळं बसवलं आहे. पण त्याच कलमाला एक अपवाद जोडलेला आहे. गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा नसेल आणि त्याला सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल, तर जैविक नमुना देणं आरोपीवर बंधनकारक नाही. पार्किंगवरची साधी मारामारी बहुधा याच खान्यात पडते. तो 'नाही' म्हणू शकला असता. पण 'तुला नाही म्हणता येतं' हे सांगण्याची जबाबदारी कायद्याने पोलिसांवर टाकलेलीच नाही. उलट मापं द्यायला नकार दिला तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा, हे कलम ६ मध्ये ठळकपणे आहे. एकवीस वर्षांचं पोर ठाण्यात बसलेलं असताना सही करणार नाही तर काय करेल?

दुसरं टोक: पुसायचं कसं? माहिती जाते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, म्हणजे एनसीआरबीकडे. तुमच्या हवालदारांचं 'वर' ते हेच. मुदत ७५ वर्षं. पण आधी कधी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, तर सगळे कायदेशीर उपाय संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या, असंही कलम ४ मध्ये आहे. कोर्टाने लेखी कारणं देऊन ठेवायला सांगितलं तरच त्या राहतात. तडजोडीने मिटलेल्या खटल्याचा परिणाम कायद्यात निर्दोष सुटण्याइतकाच असतो, त्यामुळे भाचा यात बसायला हवा.

कागदावर चांगलं दिसतं. अडचण सप्टेंबर २०२२ च्या नियमांत आहे. नोंद नष्ट करायची विनंती राज्याने या कामासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची. तो अधिकारी ही नोंद दुसऱ्या गुन्ह्याशी जोडलेली नाही ना ते बघणार आणि मग एनसीआरबीला शिफारस करणार. विनंती केलीच नाही तर? कोर्टातून निकाल आपोआप एनसीआरबीकडे जाऊन नोंद पुसली जाईल, अशी ओळ मला त्या नियमांत सापडत नाही. 'सगळे उपाय संपले' हे ठरवायचं कुणी, तेही स्पष्ट नाही. सरकारने अपील केलंय की नाही हे सुटलेल्या माणसाला कळवण्याची पद्धत तरी कुठं आहे?

हे अशक्य आहे असंही नाही. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ बघा. मुलाच्या दोषसिद्धीच्या नोंदी अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करा, असा आदेश बाल न्याय मंडळाने स्वतःहून द्यायचा आहे. काही गंभीर गुन्हे वगळले आहेत, पण मुलाने अर्ज करावा अशी अट नाही. म्हणजे पुसण्याची जबाबदारी यंत्रणेवर टाकणारं कलम आपल्याच कायद्यांत आहे.

तिसरं टोक उद्या. उशीर झाला.


प्रयोगशाळेतून (मंगळवार, सकाळी ७:१५)

मी एका सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. वकीलसाहेबांनी कायद्याचं सांगितलं, मी बाटलीतलं सांगते.

प्रोफाइल आणि नमुना या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि सगळ्या चर्चेत त्यांची सरमिसळ होते. प्रोफाइल म्हणजे आकड्यांची यादी. डीएनएच्या ठरावीक जागांवर छोटे तुकडे पुन्हापुन्हा आलेले असतात, ते किती वेळा आलेत ते मोजायचं. एका जागी १४ आणि १७, दुसऱ्या जागी ९ आणि ९.३, असं वीसेक जागांचं. एक आकडा आईकडून, एक वडिलांकडून. सोबत लिंग दाखवणारी एक जागा. या यादीवरून तुमचा मधुमेह किंवा तुमचा स्वभाव कळत नाही. नातं मात्र कळतं.

नमुना म्हणजे ती काडी, ते रक्त. त्यात सगळंच आहे. आज ज्याचा अर्थ लागत नाही तेही दहा वर्षांनी लागेल. म्हणून मी नेहमी म्हणायचे, प्रोफाइल काढून झालं, फेरतपासणीची गरज संपली, की नमुना नष्ट करा. इंग्लंडमध्ये २०१२ च्या कायद्याने तेच केलं: प्रोफाइल तयार झालं की नमुना नष्ट, आणि काही अपवाद सोडले तर सहा महिन्यांच्या आत.

आणखी एक. डीएनए जुळला म्हणजे माणूस तिथं होता, हे लोकांच्या डोक्यात फार घट्ट बसलंय. जर्मनीत वर्षानुवर्षं पोलीस एका बाईच्या मागावर होते. २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला, तिथंही त्याच बाईचा डीएनए. खून, घरफोड्या, एकमेकांशी काहीच संबंध नसलेले गुन्हे, आणि सगळीकडे तीच. २००९ मध्ये कळलं की अशी कुणी गुन्हेगार बाई नव्हतीच. नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्या जिथं बनत, तिथल्या कामगार स्त्रीचा तो डीएनए होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे.

कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये एका माणसाला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली, कारण मृताच्या नखांखाली त्याचा डीएनए सापडला. तो त्या रात्री दारूच्या नशेत रुग्णालयात भरती होता, तशी नोंदही होती. त्याला ज्या रुग्णवाहिका पथकाने उचलून नेलं, तेच पथक काही तासांनी खुनाच्या जागी गेलं होतं. बिचारा कित्येक महिने तुरुंगात होता. आणि त्याचं नाव पुढं आलं कशावरून? त्याचं प्रोफाइल आधीच सरकारी साठ्यात होतं म्हणून.

बिबवेवाडीकर, 'काय बिघडतं' याचं माझं उत्तर हे आहे. साठ्यात नाव असलेल्या माणसाला असल्या चुकीचा फटका बसू शकतो. नसलेल्याला बसत नाही.


निवृत्त_फौजदार (मंगळवार, दुपारी १:५०)

सर्वांना नमस्कार. चौतीस वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच ग्रामीणला. मला दोन गोष्टी बोलायच्यात आणि त्या वकीलसाहेबांना आवडणार नाहीत.

एक म्हणजे, सुटला तो निर्दोष, असं प्रत्यक्षात नसतं. साक्षीदार फुटतात. पंच कोर्टात उभं राहून 'माझी फक्त सही घेतली' म्हणतात. फिर्यादी पोरीच्या घरच्यांवर दबाव येतो आणि ती जबाब फिरवते. असा सुटलेला माणूस पुढच्या तालुक्यात तेच करतो. तेव्हा आधीचं प्रोफाइल असेल तर दुसऱ्या पोरीला न्याय लवकर मिळतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून बोलतो.

दुसरं, तुम्ही मंडळी साठ्याची काळजी करताय, मला त्याच्या आधीची काळजी आहे. मुद्देमाल खोली बघितलीय का कुणी? लोखंडी कपाटं, पोती, जप्त केलेल्या गाड्यांचे सुटे भाग, दारूचे कॅन, आणि त्यातच एका कोपऱ्यात लाखेचं सील मारलेली पाकिटं. रक्ताचे कपडे ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत भरले की बुरशी धरते. सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचे असतात. नवीन पोरांना हे शिकवायला मी कितीदा ओरडलोय. मग लॅबला न्यायला माणूस मोकळा पाहिजे. बंदोबस्त, व्हीआयपी, गणपती, पालखी. नमुना नेणाऱ्या कॅरियरला आज सवड नाही, उद्या गाडी नाही. पुणे विभागाचं काम गणेशखिंडीच्या प्रादेशिक प्रयोगशाळेत जातं, तिथंही ढीग. सीए रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल, येईपर्यंत आरोपी जामिनावर.

म्हणून म्हणतो, कायदा करा, पण शिपायाच्या हाताला आधी नीट साधनं द्या.


वकील_शिवाजीनगर (मंगळवार, रात्री ९:१०)

फौजदारसाहेब, आवडणार नाही असं का म्हणता? मुद्देमाल खोलीबद्दल तुम्ही जे लिहिलंत, जवळपास तेच सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये लिहिलं. तमिळनाडूतलं कट्टवेल्लई प्रकरण, फाशीची शिक्षा झालेला आरोपी सुटला, कारण डीएनए नमुन्यांची साखळीच सिद्ध होईना. कोर्टाने देशभरासाठी निर्देश दिले. नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, जबाबदारी तपासी अंमलदाराची. उशीर झाला तर कारण नोंदवायचं. खटला चालू असताना कोर्टाच्या परवानगीशिवाय सील उघडायचं नाही. नमुना कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला याचं रजिस्टर निकालापर्यंत ठेवायचं. निकालानंतर नमुन्याचं काय, हे मात्र त्या निर्देशांचा विषय नव्हतं.

तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर कलम ४ मध्येच आहे. साक्षीदार फुटल्यामुळे सुटला असं वाटत असेल तर सरकारी वकिलांनी कोर्टाला सांगावं आणि कोर्टाने लेखी कारणं देऊन नोंद ठेवावी. एकेका माणसाबद्दल कारण द्यावं लागलं तर माझी हरकत नाही. कारण न देता, केवळ कुणी अर्ज केला नाही म्हणून सगळ्यांचंच ठेवणं, याला माझी हरकत आहे.

युरोपच्या मानवाधिकार न्यायालयासमोर २००८ मध्ये हाच वाद होता. एक अकरा वर्षांचा मुलगा, जबरी चोरीच्या प्रयत्नाच्या आरोपातून सुटलेला. दुसरे मार्पर नावाचे गृहस्थ, ज्यांच्यावरचा खटला मागेच घेतला गेला. इंग्लंडच्या पोलिसांनी दोघांचे ठसे आणि डीएनए कायमचे ठेवून घेतले होते. सतरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की हा खासगी जीवनाचा भंग आहे. त्यानंतर २०१२ चा कायदा आला आणि इंग्लंडने निर्दोष लोकांची सतरा लाखांहून जास्त प्रोफाइलं काढून टाकली.

आता काल राहिलेलं तिसरं टोक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ खाली पोलिसांच्या विनंतीवरून डॉक्टर आरोपीची तपासणी करतात, त्यातही डीएनए येतो. बलात्काराच्या आरोपीसाठी कलम ५२ आहे. या वाटेने घेतलेला नमुना किती काळ ठेवायचा, यावर ती कलमं गप्प आहेत. फक्त डीएनएसाठीचा कायदा व्हायचा होता. २०१९ चं विधेयक लोकसभेत आलं, स्थायी समितीने २०२१ मध्ये अहवाल दिला आणि जुलै २०२३ मध्ये विधेयक मागे घेतलं गेलं. त्या विधेयकात दोष होते, पण प्रयोगशाळांना मान्यता, नियामक मंडळ, कुणाच्या नोंदी कधी काढायच्या, या गोष्टी निदान लिहिलेल्या तरी होत्या.


वाट_भटकी (मंगळवार, रात्री ११:५५)

मी शिरूर-दौंड भागात पारधी वस्त्यांवरच्या मुलांच्या शिक्षणाचं काम करते. वाचताना राहवलं नाही.

तुम्ही भाच्याबद्दल लिहिलंत, त्याला मामा आहे, वकील आहे. वस्तीवरच्या पोराचं काय? गावात मोटार चोरीला गेली की पहिली गाडी वस्तीवर येते. चार पोरं उचलतात. त्यातली तीन दोन दिवसांनी परत येतात. शिक्षा होत नाही, पण अटकेची नोंद होते. प्रत्येक अटक म्हणजे मापं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, सोलापूरला तारेच्या कुंपणाच्या आत माणसं ठेवली, हजेरी घेतली. तो कायदा १९५२ मध्ये गेला. ३१ ऑगस्टला आम्ही अजून विमुक्त दिन करतो. पण ठाण्यातली नजर गेली नाही. सुप्रीम कोर्टालाही ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात पोलिसांना बजवावं लागलं की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होता कामा नये.

ज्या साठ्यात अटकेवरून माणसं भरायची, त्या साठ्यात कोण जास्त असणार हे अटक कुणाला होते त्यावर ठरतं. आणि वर कुणीतरी डीएनएवरून नातं कळतं म्हणालं. मग एका पोराचा नमुना म्हणजे अख्ख्या वस्तीचा नमुना, असंच ना? त्या पोरांपैकी नोडल अधिकाऱ्याला अर्ज कोण करणार? आधार कार्डावरचं नाव दुरुस्त करायला आमचे महिने जातात.


जुन्नरी (बुधवार, सकाळी ८:३०)

ताई, तुमचा प्रश्न मलाही पडला. आमच्या गावात निम्मी घरं एका आडनावाची, एकच भावकी. पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारा डीएनए वेगळा तपासतात असं ऐकलंय. मग आमच्यातल्या एकाचं प्रोफाइल सापडलं तर बाकीच्यांचं काय?


प्रयोगशाळेतून (बुधवार, सकाळी ९:४५)

जुन्नरी, बरोबर ऐकलंत. वाय गुणसूत्रावरची तपासणी असते, लैंगिक अत्याचाराच्या नमुन्यात स्त्रीचा डीएनए भरपूर आणि पुरुषाचा थोडा असला की ती फार उपयोगी पडते. पण ते प्रोफाइल बाप, मुलगा, सख्खा भाऊ, चुलता, चुलतभाऊ यांचं सारखंच येतं, क्वचित एखाद्या जागी फरक. भावकीतले दहा पिढ्यांमागून फुटलेले पुरुषसुद्धा जवळपास सारखे निघू शकतात. शहरात 'हे प्रोफाइल दुर्मिळ आहे' म्हणणं वेगळं, आणि एका मूळपुरुषाच्या गावात म्हणणं वेगळं. कोर्टात हा फरक कुणीतरी विचारायला हवा. मी साक्षीला गेले तेव्हा तो प्रश्न बचावाच्या वकिलांकडून फारसा आला नाही, म्हणून मीच होऊन सांगायचे.

वाट_भटकी, तुमचा अंदाज खरा आहे. नातेवाइकांवरून शोध घेता येतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात सत्तर-ऐंशीच्या दशकांतले खून-बलात्कार करणारा पकडला गेला, तो लांबच्या भावंडांनी वंशावळीच्या हौसेपोटी एका संकेतस्थळावर टाकलेल्या डीएनएवरून. गुन्हेगार सापडला हे चांगलंच झालं. पण त्या भावंडांनी डीएनए दिला होता पूर्वज शोधायला. दुसऱ्या वर्षी त्या संकेतस्थळाला नियम बदलावा लागला, की पोलिसांना शोधू द्यायचं असेल तर तशी स्पष्ट संमती द्या.


कोथरूडची_अश्विनी (बुधवार, दुपारी ४:२०)

सगळे आरोपींबद्दल बोलताय. मी दुसऱ्या बाजूचं विचारते. ज्या बाईवर अत्याचार झाला, तिचाही नमुना घेतात, तिचा डीएनए वेगळा काढायला. तिच्या नवऱ्याचा घेतात. घरफोडी झाली तर घरच्यांचा घेऊ शकतात. अहमदाबादच्या विमान अपघातात जून २०२५ मध्ये आई-बापांनी, मुलांनी नमुने दिले, आपलं माणूस ओळखता यावं म्हणून. या सगळ्यांचं काय होतं?

सॅन फ्रान्सिस्कोचं २०२२ मध्ये बाहेर आलेलं प्रकरण वाचलं तेव्हा मला झोप लागली नाही. बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईने दिलेला डीएनए पोलिसांनी आपल्या साठ्यात ठेवला आणि काही वर्षांनी एका चोरीच्या गुन्ह्यात तिलाच त्यावरून पकडलं. तिथल्या जिल्हा सरकारी वकिलांनी स्वतः हे जाहीर केलं आणि तिच्यावरचे आरोप मागे घेतले. मी समुपदेशनाचं काम करते. तक्रार करायला बाई ठाण्याची पायरी चढते ती किती उलाघाल होऊन चढते, ते मला माहीत आहे. तिला जर वाटलं की आपला नमुना उद्या आपल्या भावाविरुद्ध, मुलाविरुद्ध वापरला जाईल, तर ती तपासणीच नाकारेल. मग फौजदारकाका म्हणतात तो गुन्हेगार कसा सापडणार?


निवृत्त_फौजदार (बुधवार, सायंकाळी ६:०५)

अश्विनीताई, हा मुद्दा मला पूर्ण पटला. पीडितेचा आणि घरच्यांचा नमुना त्या एका गुन्ह्यापुरताच, हे कायद्यात लिहिलंच पाहिजे. आमच्या वेळी कुणी असं करायच्या विचारात नव्हतं, पण तेव्हा संगणकावर सगळं एकत्र टाकायची सोयही नव्हती. सोय झाली की मोह होतो.

वाट_भटकी, तुमच्याबद्दल आदर आहे. वस्तीवर पहिली गाडी जाते, हे खरं आहे.


बिबवेवाडीकर (बुधवार, रात्री ८:००)

माझं मत थोडं सरकलं. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याचा डीएनए ७५ काय, कायमचा ठेवा, मला चालेल. पण सुटलेल्याचा आणि तक्रारदाराचा ठेवायला सबळ कारण हवं. वकीलसाहेब, तो नवा डेटा संरक्षण कायदा आलाय ना, त्याचा उपयोग नाही का?


वकील_शिवाजीनगर (बुधवार, रात्री १०:४०)

फारसा नाही. २०२३ च्या कायद्यात कंपनीला 'माझी माहिती पुसा' म्हणायची तरतूद आहे. पण गुन्ह्यांचा प्रतिबंध, शोध, तपास आणि खटला यासाठी वापरलेल्या माहितीला कलम १७ ने यातल्या बहुतेक हक्कांतून वगळलं आहे. शिवाय सरकारला आपली कुठलीही संस्था अधिसूचना काढून बाहेर ठेवता येते. त्यामुळे दार उरतं ते संविधानाचं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि सांगितलं की त्यावर बंधन घालायचं तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि बंधन हेतूच्या प्रमाणात हवं. किरकोळ मारामारीत सुटलेल्या मुलाचा डीएनए पंचाहत्तर वर्षं, यात प्रमाण कुठं आहे? हा प्रश्न हायकोर्टात नीट मांडण्यासारखा आहे.

तोवर पाषाणकर, तुम्ही पुढचं करा. कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा. माहिती अधिकारात पोलीस आयुक्तालयाला विचारा की २०२२ च्या नियमांखालचा नोडल अधिकारी कोण आणि भाच्याची कोणती मापं कोणत्या तारखेला पुढं पाठवली. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग नोडल अधिकाऱ्याला अर्ज. अर्जात 'नोंदी' एवढंच लिहू नका. जैविक नमुना, त्याचं विश्लेषण, प्रोफाइल आणि त्याच्या ठाण्यातल्या व प्रयोगशाळेतल्या सर्व प्रती, असं एकेक नाव घेऊन लिहा. आणि नष्ट केल्याचा लेखी दाखला मागा.


प्रयोगशाळेतून (बुधवार, रात्री ११:००)

त्यात प्रयोगशाळेचा केस क्रमांक मिळाला तर जरूर टाका, कारण आमच्याकडे नावाने काही शोधत नाहीत, क्रमांकाने शोधतात. काडी तपासणीला गेलीच नसेल तर ती अजून ठाण्यातच असू शकते. मुद्देमाल पावतीचा क्रमांक मागा.


पाषाणकर (गुरुवार, सकाळी ७:५०)

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून मसुदा केला, तपासून द्या:

"अर्जदारावरील गुन्हा तडजोडीने निकाली निघाला असून मा. न्यायालयाने त्यास मुक्त केले आहे. अर्जदारास पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही. सबब, कलम ४ च्या परंतुकानुसार अर्जदाराची छायाचित्रे, बोटांचे व तळहाताचे ठसे, गालाच्या आतून घेतलेला जैविक नमुना, त्याचे विश्लेषण व डीएनए प्रोफाइल, तसेच पोलीस ठाणे, प्रयोगशाळा व एनसीआरबी येथील त्यांच्या सर्व प्रती नष्ट करून तसा लेखी दाखला द्यावा. नष्ट करता येत नसल्यास कोणत्या न्यायालयाच्या कोणत्या लेखी आदेशानुसार, ते कळवावे."

वाट_भटकी, तुमच्या वस्तीवरच्या पोरांसाठी हाच अर्ज वापरता येईल. ज्यांचे निकाल लागलेत त्यांची यादी आणि गुन्हा रजिस्टर नंबर पाठवा. टायपिंग, झेरॉक्स आणि स्टँपचं मी बघतो.


वकील_शिवाजीनगर (गुरुवार, सकाळी ९:२०)

शेवटचं वाक्य उत्तम आहे, तसंच ठेवा. 'मुक्त केले आहे' ऐवजी निकालपत्रातले शब्द जसेच्या तसे घ्या, नाहीतर त्यावरूनच अर्ज परत येईल. वाट_भटकी, यादीतल्या ज्यांना न्यायालयात उभंच केलं नाही, नुसतं उचलून सोडलं, त्यांची वेगळी यादी करा. त्यांच्याकडे प्रमाणित प्रत नसणार, म्हणून त्यांच्यासाठी आधी ठाण्याची स्टेशन डायरी मागवावी लागेल. शनिवारी दुपारी मी मोकळा आहे.


वाट_भटकी (गुरुवार, सकाळी १०:०५)

शनिवारी येते. यादी आजच करायला घेते.